श्रवणतंतूंचा दोष असताना कानाच्या मशीनचा कितपत उपयोग होतो?

त्र्यंबकरस्ता
माझी पुतणी १९ वर्षांची असून गंगापूर रोडवरील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. साधारण अकरावीपासून तिला वर्गातले बोलणे समजेनासे झाले. शांत खोलीत समोरासमोर बसून बोलले तर ती बरोबर उत्तर देते. परंतु घरात मिक्सर चालू असला, पाहुणे जमले किंवा फोनवर बोलायचे असले की तिला आवाज येतो आणि शब्द लागत नाहीत.

तपासण्यांचे निष्कर्ष असे आहेत. प्युअर टोन चाचणीत दोन्ही कानांना खालच्या सुरांत ४५ ते ५० डेसिबलचा दोष आहे, तर वरच्या सुरांतील ऐकणे जवळजवळ ठीक आहे. ओएई, म्हणजे आतल्या कानातील पेशींचा प्रतिसाद, दोन्ही कानांत व्यवस्थित मिळाले. श्रवणतंतूंचा प्रतिसाद मोजणाऱ्या बेरा चाचणीत मात्र ९० डेसिबलपर्यंत आवाज देऊनही एकही लहर उमटली नाही. शब्द ओळखण्याचे प्रमाण उजव्या कानात ३२ टक्के आणि डाव्या कानात ४० टक्के आले. अहवालावर ‘ऑडिटरी न्यूरोपथी स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, म्हणजे श्रवणतंतूंचा दोष, असे निदान लिहिले आहे.

आता एका दुकानदाराने दोन्ही कानांची मिळून १,३०,००० रुपयांची मशीन सुचवली आहे आणि ‘सवय झाली की सगळे समजेल’ असे आश्वासन दिले आहे. दुसऱ्या तज्ज्ञांनी मात्र या आजारात मशीनचा उपयोगच होत नाही, पैसे वाया घालवू नका, असे सांगितले. दोघेही तितक्याच ठामपणे बोलतात. ज्यांनी हे प्रत्यक्ष अनुभवले आहे किंवा ज्यांचा हा अभ्यासाचा विषय आहे, त्यांनी कृपया लिहावे.

कांदेभजी
इतक्या ठामपणे बोलणारी दोन माणसे भेटली असतील, तर तिसरे मत घ्यावे आणि तोपर्यंत पाकीट खिशातच ठेवावे. चाचणीसाठी काही दिवस मशीन वापरायला देतात का, एवढे आधी विचारावे.

निवृत्त_श्रवणतज्ज्ञ
अहवालाचा तपशील देऊन प्रश्न विचारल्याबद्दल आभार. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत असे मला वाटते. त्याचे कारण जरा विस्ताराने लिहितो.

आवाज आतल्या कानातील कर्णशंखात पोहोचल्यावर तेथील बाह्य केशपेशी त्याला बळ देतात, आंतर केशपेशी त्याचे विद्युत संदेशात रूपांतर करतात आणि श्रवणतंतू तो संदेश मेंदूच्या दिशेने नेतात. ओएई चाचणी केवळ बाह्य केशपेशींचे काम तपासते. ते काम चांगले चालू असूनही बेरा येत नाही, याचा अर्थ बिघाड त्यापुढे आहे: आंतर केशपेशींत, त्यांच्या आणि तंतूच्या सांध्यात किंवा खुद्द तंतूत. बेराच्या लहरी उमटण्यासाठी हजारो तंतूंनी एकाच क्षणी संदेश पाठवावा लागतो. ही वेळेची जुळणी बिघडली की लहर दिसत नाही, मग आवाज कितीही मोठा द्या. मिरवणुकीतल्या आपल्या नाशिक ढोलाचे उदाहरण घ्या. शंभर ढोल एका ठोक्यावर पडले तर ताल कळतो, आणि तेच शंभर ज्याने त्याने आपापल्या लहरीने वाजवले तर गोंगाट तेवढाच राहतो, ताल मात्र हरवतो. कानाची मशीन प्रत्येक ढोल अधिक जोरात वाजवू शकते, सगळ्यांना एका ठोक्यावर आणू शकत नाही.

आपल्या भाषेत तर वेळेचे हे गणित फार महत्त्वाचे आहे. ‘काल’ आणि ‘गाल’, ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतला फरक काही मिलिसेकंदांच्या अंतरावर ठरतो. निरोगी कान दोन आवाजांमधली दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा ओळखतो, तर तंतुदोष असलेल्या अनेकांना त्याच्या कित्येक पट मोठी फट लागते. म्हणूनच अशा व्यक्तीचा ऑडिओग्राम (प्युअर टोन चाचणीचा आलेख) सौम्य दिसतो आणि शब्द ओळखण्याचे प्रमाण त्याच्याशी अजिबात मेळ खात नाही. तुमच्या पुतणीचे ३२ आणि ४० टक्के हे आकडे नेमके हेच सांगतात.

मग मशीन निरुपयोगी म्हणायची का? तसेही नाही. तुमच्या पुतणीवर दोन भार आहेत. खालच्या सुरांत आवाज पोहोचायलाच ४५ डेसिबल लागतात, हा पहिला भार; पोहोचलेला आवाज विस्कळीत असतो, हा दुसरा. मशीन पहिला भार हलका करते. मेलबर्न येथील गॅरी रान्स यांच्या गटाने २००२ साली मुलांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे निम्म्या मुलांना मशीनमुळे बोलणे समजण्यात खरा फायदा झाला आणि उरलेल्यांना जवळपास काहीच झाला नाही. विशेष म्हणजे ऑडिओग्राम पाहून कोण कोणत्या गटात जाईल हे सांगता येत नव्हते. ज्या मुलांच्या मेंदूच्या बाह्यपटलाकडून आवाजाला योग्य वेळेत प्रतिसाद नोंदवता आला, त्यांना फायदा झाला होता. तेव्हा ‘सगळे समजेल’ आणि ‘उपयोगच होत नाही’ ही दोन्ही वाक्ये तुमच्या पुतणीला मशीन लावून मोजल्याशिवाय कोणालाही म्हणता येणार नाहीत.

त्र्यंबकरस्ता
साहेब, मनःपूर्वक आभार. ढोलाचे उदाहरण पुतणीला वाचून दाखवले, तेव्हा ‘माझ्या वर्गाचे हेच वर्णन आहे’ असे ती म्हणाली. मोजायचे म्हणजे नेमके काय मोजायचे, हेही कृपया सांगावे.

अंबडचा_फिटर
मला हा दोष विसाव्या वर्षाच्या आसपास सुरू झाला आणि आज मी चाळिशी ओलांडली आहे. माझ्याकडे चांगल्या दर्जाची मशीन आहे आणि ती कपाटात पडून असते. कारखान्यात ती लावली की प्रेसचा, कॉम्प्रेसरचा आणि फोर्कलिफ्टचा आवाज आधी वाढतो आणि माणसाचा आवाज त्यात बुडून जातो. घरी शांततेत ती लावली तर बायकोचे बोलणे मोठे होते, स्पष्ट होत नाही. मोठेपणाची मला कधी कमतरता नव्हतीच, कारण माझा ऑडिओग्राम ३० डेसिबलच्या आसपास आहे.

मला खरा आधार मोबाइलवरील बोलणे लिहून दाखवणाऱ्या ॲपने दिला. ते मराठीतही चालते. सुपरवायझर बोलतात आणि मी वाचतो. ‘शिफ्ट’चे कधी ‘लिफ्ट’ होते, पण माझ्या कानांपेक्षा त्याचा निकाल चांगला आहे. त्यामुळे धागाकर्त्यांना माझा सल्ला असा की दुसऱ्या तज्ज्ञांचे ऐकावे.

मृण्मयी_द
फिटर दादा, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु तो सर्वांना लागू करणे मला मान्य नाही. माझ्या धाकट्या बहिणीला हाच दोष आहे आणि तिचा ऑडिओग्राम ६० डेसिबलच्या जवळ आहे. मशीनशिवाय तिला दाराची घंटा, मागून येणारी रिक्षा, कुकरची शिट्टी यांपैकी काहीही ऐकू येत नाही. मशीन लावल्यावर हे सगळे ऐकू येते आणि ओठ वाचताना आवाजाची जोड मिळाल्यामुळे तिला वाक्य पकडता येते. निव्वळ कानावर विसंबून तिलाही फारसे कळत नाही, हे खरे आहे. तरी ती सकाळी उठल्यावर चष्म्याच्या आधी मशीन शोधते.

आपल्याला ३० डेसिबलचा दोष आणि तिला ६० चा. ज्याच्याकडे आवाज पोहोचतोच आहे, त्याला मशीन काय देणार?

अंबडचा_फिटर
ताई, ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. तरी विचारतो, आपल्या बहिणीची मशीनसह आणि मशीनशिवाय शब्दांची चाचणी झाली होती का? की तिला बरे वाटते, एवढेच आपण सांगत आहात?

मृण्मयी_द
झाली होती. शांत खोलीत, बोलणाऱ्याचा चेहरा झाकून, मशीनसह चांगला फरक पडला. पार्श्वभूमीला गोंगाट लावल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या आणि तिच्या अनुभवांतील साम्य बहुधा इथे आहे.

लासलगावचा_अडत्या
मूळ विषयाला धरूनच लिहितो. आमच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असताना शंभर टक्के निरोगी कानांच्या शेतकऱ्यालाही बोली कळत नाही. तो बोटांकडे आणि चेहऱ्यांकडे पाहून अंदाज बांधतो. आमच्याकडे एक हमाल आहे, त्याला बोलणे अजिबात समजत नाही, पण भावाचा अंदाज चुकत नाही. डोळ्यांनी ऐकण्याची कला कोणी शिकवते का?

निवृत्त_श्रवणतज्ज्ञ
अडत्ये साहेब, शिकवतात. वाक्-वाचन, म्हणजे ओठ आणि चेहरा पाहून बोलणे ओळखणे, हा आमच्या प्रशिक्षणाचाच भाग असतो आणि तंतुदोष असलेल्यांना त्याचा चांगला लाभ होऊ शकतो, कारण ओठांच्या हालचालीला वेळेचा बिघाड नसतो.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे येतो. तीन परिस्थितींत शब्दांची चाचणी घ्यायला सांगावी: मशीनशिवाय, मशीनसह आणि मशीनला दूरस्थ माइक (बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, आवाज थेट मशीनकडे पाठवणारा) जोडून. या तिन्ही चाचण्या आधी शांततेत आणि मग गोंगाटात घ्याव्यात. यादी मराठी शब्दांची असावी आणि प्रत्येक वेळी वेगळी असावी, नाहीतर मुलगी शब्द पाठ करून गुण मिळवते आणि सगळ्यांना आनंद होतो. चाचणी घेणाऱ्याने ओठ झाकावेत. त्यानंतर दोन-तीन आठवडे मशीन घरी वापरू द्यावी आणि पुन्हा मोजावे.

मशीनच्या जुळणीबाबतही बोलून घ्यावे. तिचा दोष खालच्या सुरांत आहे, म्हणून संगणकातील सूत्र खालचे सूर भरपूर वाढवून देईल. प्रत्यक्षात तंतुदोषात खालच्या सुरांतील भेद ओळखण्याची क्षमताच सर्वाधिक बिघडलेली असते आणि गोंगाटही बव्हंशी तिथेच असतो. त्यामुळे खालचे सूर मर्यादित ठेवून आणि मशीनमधील समोरचा आवाज अधिक टिपणारा माइक चालू करूनही एक जुळणी आजमावून पाहावी.

शंकासुर
माझी एक शंका आहे. ओएई चांगले आहेत, म्हणजे बाह्य केशपेशी ठणठणीत आहेत. मग मशीनचा मोठा आवाज रोज कानात ओतल्याने त्या चांगल्या पेशींची हानी होणार नाही का?

निवृत्त_श्रवणतज्ज्ञ
योग्य शंका आहे आणि या क्षेत्रात तिच्यावर पुष्कळ वाद झाला आहे. अनेक रुग्णांत काळानुसार ओएई आपोआप नाहीसे होतात, ज्यांनी मशीन कधीच वापरली नाही त्यांच्यातही होतात. त्यामुळे पुढे ओएई गेले तर दोष मशीनलाच द्यावा असे नाही. तरीही सौम्य दोषाला जबर आवाज देऊ नये, मशीनच्या कमाल आवाजाची मर्यादा आखून घ्यावी आणि वेळोवेळी ओएई तपासावे. तंतुदोषातील मुलांना मशीन देताना अतिरिक्त आवाज टाळणे हा सर्वमान्य संकेत आहे.

पंचवटीतला_बाबा
लहान मुलांच्या पालकांसाठी आमचा अनुभव नोंदवतो. आमचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला. त्याला तीव्र कावीळ झाली, रक्त बदलावे लागले आणि तो बराच काळ नवजात अतिदक्षता कक्षात होता. तिथून सोडताना कानांची तपासणी ‘पास’ असा कागद मिळाला. ती तपासणी केवळ ओएईची होती. दीड वर्षाचा झाला तरी तो हाकेला वळेना, तेव्हा बेरा केली आणि रेघ सपाट आली. कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतः प्राणवायू कमी पडणे ही तंतुदोषाची मोठी कारणे आहेत हे आम्हाला त्यानंतर कळले. अमेरिकेतील बालश्रवण समितीने २००७ सालीच असे सुचवले आहे की पाच दिवसांपेक्षा अधिक काळ अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांची तपासणी बेराच्या पद्धतीनेच व्हावी, कारण ओएईत तंतुदोष सुटून जातो. आमचे रुग्णालय वाईट नव्हते, परंतु त्यांच्याकडे एकच यंत्र होते.

पुढचा प्रश्न मशीनचा. बेरा सपाट असल्याने ‘मूल पूर्ण बहिरे आहे’ असे समजून एका ठिकाणी सर्वाधिक ताकदीची मशीन देऊ केली होती. दुसऱ्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी त्याला विरोध केला. या दोषात बेरावरून ऐकण्याची पातळी ठरवता येत नाही, मुलाच्या वागण्यावरूनच ती काढावी लागते, असे त्यांनी समजावले. आवाज आला की उजेडात नाचणारे खेळणे दाखवण्याची एक चाचणी असते आणि साधारण सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांवर ती करता येते. तीत आमच्या मुलाची पातळी ५५ डेसिबल निघाली. मग त्या पातळीची मशीन दिली गेली. मुलाला आमचे आवाज ओळखू येऊ लागले, पण शब्द येईनात, आणि वर्षभराच्या स्पीच थेरपीनंतर एमआरआयमध्ये तंतू व्यवस्थित असल्याची खात्री करून आम्ही एका कानात कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कर्णशंखात बसवायचे विद्युत यंत्र) करून घेतले. आज तो आमच्याशी वाद घालतो आणि त्याच्या आजीला ते मुळीच आवडत नाही.

कांदेभजी
आजीला ते आवडत नाही, यापेक्षा शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा मोठा पुरावा नाही.

शंकासुर
बाबा, तंतूतच दोष असेल तर इम्प्लांट कसे चालते? त्याचाही संदेश शेवटी त्याच तंतूतून जाणार ना?

निवृत्त_श्रवणतज्ज्ञ
दोष कुठे आहे यावर ते अवलंबून असते. बिघाड आंतर केशपेशीत किंवा तिच्या सांध्यात असेल, तर इम्प्लांटची विद्युत तार तो भाग ओलांडून थेट तंतूला चेतवते, आणि विजेच्या धक्क्याने तंतू आवाजापेक्षा अधिक एकसाथ चेततात. ओटीओएफ या जनुकातील दोषाने ज्यांना हा आजार होतो, त्यांना म्हणूनच इम्प्लांटचा उत्तम लाभ होतो. तंतू बारीक किंवा जन्मतः नसेलच, तर लाभ तुटपुंजा राहतो. एमआरआय त्यासाठीच करतात. आणखी एक गोष्ट म्हणजे कावीळ किंवा अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे झालेला दोष काही बाळांत पहिल्या वर्ष-दीड वर्षात आपोआप सुधारतो, म्हणून शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. मशीन आणि थेरपी मात्र त्या काळात थांबवू नये.

नांदूरनाका
ओटीओएफचे नाव वाचून राहवले नाही. माझ्या भाच्याला एरवी बरे ऐकू येते, पण ताप चढला की तो जवळजवळ बहिरा होतो आणि ताप उतरला की पूर्ववत होतो. घरी सगळे म्हणतात की तो शाळा चुकवण्यासाठी सोंग करतो.

निवृत्त_श्रवणतज्ज्ञ
सोंग समजू नका. तापमानाला संवेदनशील असा तंतुदोषाचा एक प्रकार नोंदवला गेलेला आहे आणि तो ओटीओएफमधील काही बदलांशी जोडलेला आहे. एकदा ताप असताना आणि एकदा नसताना त्याची तपासणी करून घ्या आणि जनुकीय तज्ज्ञांचा सल्ला घ्या. याच जनुकावर शांघायच्या फुदान विद्यापीठातील गटाने उपचार करून पाहिला. त्याचा अहवाल २०२४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आला: सहा मुलांच्या एका कानात निरोगी जनुक सोडले आणि पाच जणांचे ऐकणे सुधारले. हा उपचार त्या एकाच जनुकासाठी आहे, त्यामुळे धागाकर्त्यांच्या पुतणीने त्यावर आशा बांधू नये.

जेलरोडची_मामी
एवढे यंत्र-तंत्र करण्याआधी बी-१२ ची इंजेक्शने आणि कानात औषधी तेल घालून पाहावे, असे मला वाटते. आमच्या शेजारच्या काकांना त्याने मुंग्या येण्यावर गुण आला.

अंबडचा_फिटर
मामी, आपल्या काळजीबद्दल आभार, पण कानात टाकलेले तेल पडद्यापर्यंत पोहोचते आणि तिथेच थांबते. तंतू त्याच्या पलीकडे हाडात आहे. बी-१२ तपासून घ्यायला हरकत नाही. माझेही तपासले होते आणि ते चांगले निघाले, कान मात्र तसेच राहिले.

निवृत्त_श्रवणतज्ज्ञ
मामींनी मुंग्यांचा विषय काढला हे एका अर्थी बरे झाले. अरनॉल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली या दोषाला ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी वर्णन केलेल्या १० रुग्णांपैकी ८ जणांत शरीराच्या इतर तंतूंचाही विकार आढळला होता. आपल्या देशात किशोरवयात सुरू होणारा तंतुदोष बराच दिसतो, मुलींमध्ये अधिक दिसतो, आणि मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत अशा रुग्णांवर पुष्कळ काम झाले आहे. म्हणून पुतणीला पायांत मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे किंवा दृष्टी मंदावणे असे काही होते का, हे विचारावे आणि मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवावे. मशीनचा निर्णय होईपर्यंत हे मागे राहू नये.

सातपूरचा_कारकून
प्रमाणपत्राचा मुद्दा कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील व्याख्येनुसार बोलण्याच्या सुरांत दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलचा दोष असेल तर ‘ऐकण्यास कमी’ आणि ७० डेसिबलचा असेल तर ‘बहिरे’ ठरवतात. या व्याख्येत शब्द समजण्याचा उल्लेख नाही. म्हणजे ज्याला दर दहा शब्दांतले तीनच कळतात, पण शिट्टीचा बारीक आवाज ऐकू येतो, तो या व्याख्येत बसत नाही. धागाकर्त्यांनी अर्ज जरूर करावा, पण मोठी अपेक्षा ठेवू नये.

अंबडचा_फिटर
माझ्या बाबतीत अगदी हेच झाले. चाचणीच्या खोलीत मी प्रत्येक ‘पीं’ आवाजाला हात वर केला आणि बाहेर येऊन वैद्यकीय अधिकारी काय म्हणाले हे मला कागदावर लिहून मागावे लागले. कागदावर त्यांनी लिहिले होते की तुम्हाला चांगले ऐकू येते.

मृण्मयी_द
हे वाचून हसावे की रडावे कळत नाही. त्र्यंबकरस्ता, चाचणी झाली का? आम्ही सगळे निकालाची वाट पाहत आहोत.

त्र्यंबकरस्ता
होय. एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी अनामत रक्कम घेऊन मध्यम किमतीची मशीन आणि छोटा दूरस्थ माइक वापरायला दिला. येथे सांगितल्याप्रमाणे खालचे सूर मर्यादित ठेवलेली एक जुळणी आणि संगणकाच्या सूत्राप्रमाणे दुसरी, अशा दोन्ही आजमावल्या. पुतणीला पहिली अधिक सुसह्य वाटली.

दोन्ही कानांनी मिळून, शांततेत मशीनशिवाय ४४ टक्के शब्द ओळखता आले, मशीनसह ५६. गोंगाटात मशीनशिवाय १६ टक्के आणि मशीनसह २०, म्हणजे फरक नाही असेच म्हणावे. माइक जोडून, बोलणाऱ्याच्या गळ्याजवळ तो ठेवल्यावर, त्याच गोंगाटात ४८ टक्के आले. शेवटचा आकडा पाहून तिने चाचणी पुन्हा घ्यायला सांगितली, तिचा विश्वास बसेना. नव्या यादीवर ५२ आले.

त्यानंतर तिने महाविद्यालयात माइक वापरून पाहिला. एका प्राध्यापकांनी तो आनंदाने कॉलरला लावला. दुसऱ्यांना संकोच वाटला, परंतु तेही तयार झाले. वर्गातील मुलांनी प्रश्न विचारला की तो मात्र तिला कळत नाही. घरी, जेवताना, ती मशीन काढून ठेवते, कारण भांड्यांचा आवाज सहन होत नाही. मैत्रिणींबरोबर कॉलेज रोडवर फिरताना मशीन नको, पण समोर बसून कॉफी घेताना चालेल, असे तिने स्वतःच ठरवले आहे. १,३०,००० ची मशीन आम्ही घेणार नाही. साधी मशीन आणि माइक एवढेच घ्यायचा विचार आहे.

निवृत्त_श्रवणतज्ज्ञ
आकडे बोलके आहेत. माइकचा लाभ इतका का होतो हेही लिहून ठेवतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आवाज गोंगाटापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि खोलीच्या भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी तिथे फारसा मिसळलेला नसतो. विस्कळीत तंतूंना हा स्वच्छ आवाज मिळाला की जे थोडेफार वेळेचे संकेत शिल्लक आहेत, ते तरी वापरता येतात. वर्गातल्या प्रश्नांसाठी प्राध्यापकांनी प्रश्न स्वतः एकदा मोठ्याने उच्चारावा, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

जेवताना मशीन काढली तरी चालेल, तिला दिवसभर घालायला लावू नका. घरच्यांनी मात्र तिच्याशी बोलताना वेग थोडा कमी ठेवावा, शब्द तोडून आणि शेवटची अक्षरे न गिळता बोलावे. ओरडू नये. ओरडल्याने स्वर ताणले जातात, व्यंजने तशीच राहतात. स्पष्ट उच्चारांचा लाभ तंतुदोष असलेल्यांना चांगला होतो, हे अभ्यासांतूनही दिसले आहे.

लासलगावचा_अडत्या
शेवटची अक्षरे न गिळता बोलायचे म्हटल्यावर आमच्या घरात निम्मी माणसे मुकी होतील.

सातपूरचा_कारकून
महाविद्यालयाला लेखी अर्ज देऊन ठेवावा. प्राध्यापक बदलले की दर वेळी माइकची विनंती नव्याने करण्यापेक्षा प्राचार्यांचे एक पत्र हाती असलेले बरे. अर्जासोबत शब्दचाचणीचे हेच आकडे जोडावेत. ऑडिओग्राम जोडला तर मी वर लिहिलेला घोळ तिथेही होईल.

अंबडचा_फिटर
मी मशीनच्या विरोधात लिहिले होते आणि ३० डेसिबलवाल्यांबाबत माझे मत अजूनही तेच आहे. माइकचा मात्र मला कोणी कधी उल्लेखही केला नव्हता. सकाळच्या बैठकीत सुपरवायझरांच्या खिशाला तो लावता आला, तर ॲपवरचे ‘लिफ्ट’ही टळेल असे वाटते. कपाटातल्या जुन्या मशीनला तो जोडता येतो का? आणि आपल्या श्रवणतज्ज्ञ बाई तो कारखान्यात आजमावायला देतील का?

त्र्यंबकरस्ता
दादा, विचारले. मशीन कोणत्या कंपनीची आणि किती जुनी आहे यावर ते अवलंबून आहे, म्हणून ती सोबत घेऊन यायला त्यांनी सांगितले आहे. मशीनशिवाय, केवळ कानात बसणारा छोटा रिसीव्हर वापरूनही माइक चालतो आणि आपल्या ३० डेसिबलला तोच योग्य ठरेल, असे त्या म्हणाल्या. कारखान्यात नेऊ देतील, मात्र अनामत आमच्यापेक्षा जास्त घेतील. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. पुतणीची मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, त्यांचे मत इथे कळवीन.